रोह्याचा बिबट्या जोह्याहून आला

एका सुट्टीपुरतं काम केलेल्या जागेचे किस्से असून असून किती असणार? माझे संपतच नाहीत. पेणला माहेरी गेले की बहिणी मागे लागतात, "ते रोह्याचं सांग गो!" आणि सांगता सांगता मलाच एखादा नवा आठवतो.

नव्वदीतली गोष्ट. मी कॉलेजात झूऑलॉजी शिकत होते. रोह्याला एका ट्रस्टचं छोटंसं निसर्ग संग्रहालय होतं. एक हॉल, भिंतीला कपाटं आणि मधोमध प्लास्टरचा बिबट्या. वैद्य सरांनी शाळेतून रिटायर झाल्यावर एकेक शिंपला गोळा करून ते उभं केलं होतं. त्यांना सुट्टीत 'नॅचरलिस्ट इंटर्न' हवी होती. मी गळ्यात दुर्बीण अडकवून हजर! सरांनी दुर्बीण काढून घेतली आणि हातात फडकं दिलं.

"आधी घुबड पुसून घे."

"सर, जंगलात कधी जायचं?"

"घुबड स्वच्छ झालं की."

ते घुबड काही माझ्याच्यानं शेवटपर्यंत स्वच्छ झालं नाही.

*

सरांचा एक हट्ट होता. लेबलवर खोटं लिहायचं नाही, मग समोर कोणी का असेना!

ट्रस्टचे अध्यक्ष भाऊसाहेब. त्यांनी एकदा घराण्यातलं वाघाचं नख मोठ्या थाटात भेट दिलं. सरांनी ते भिंगाखाली धरलं, कपाटात ठेवलं आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बैलाचं शिंग, कोरीव. देणगी : आपले अध्यक्ष.'

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाऊसाहेबांना वाटू लागलं, की गावाला कॉम्प्युटर क्लासची फार गरज आहे. आणि त्यासाठी हाच हॉल बरा!

शाळा सुरू व्हायच्या आत ते सुताराला घेऊन मापं काढायला येणार होते. कपाटं कुठं जाणार, ते कोणीच बोलत नव्हतं. सरांच्या घरी तर दोनच खोल्या. म्हातारा दिवसभर हसायचा आणि संध्याकाळी कुलूप लावताना उगाच दोनदा ओढून बघायचा. मला फार वाईट वाटायचं.

*

लोक साप घेऊन यायचे. खांब गावचे एक गृहस्थ धामण घेऊन आले, बिस्किटांच्या डब्यात, एसटीनं! कंडक्टरनं विचारलं, "डब्यात काय हाय?"

"धामण हाय."

शेवटची अख्खी सीट त्यांना मोकळी करून मिळाली. सरांनी धामण बघितली, तिला बिनविषारी ठरवलं आणि शेतात सोडायला सांगितलं. डबा मात्र गृहस्थांनी जपून परत नेला. इस्माईलचाचा, म्हणजे आमचे शिपाई, सांगायचे की गाडीला गर्दी असली की ते अजून तो डबा घेऊनच चढतात. रिकामा!

*

खाडीकडच्या एक काकी आल्या होत्या. चिखलातल्या निवट्या फॉर्मलिनच्या बरणीत बघून त्यांचा जीव कळवळला.

"अगो बाय! एवढी चांगली मासली नासवली की!"

सरांनी समजावलं, की हे अभ्यासासाठी असतं. काकींनी मान हलवली आणि पुढच्या बाजाराला ताज्या निवट्या घेऊन आल्या. "ह्या घ्या. त्या टाकून द्या."

सर खूश. "चाचा, नवीन बरणी काढा!" चाचा निवट्या घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "काय झालं त्यांचं?"

"सर, अभ्यास झाला," चाचा म्हणाले. "चिंच थोडी जास्त पडली."

*

आणि आता बिबट्या.

त्याचा रंग उडाला होता, नाक फुटलं होतं. भाऊसाहेब यायच्या आत निदान तो तरी झकास दिसावा, अशी सरांची आशा. मी पेणची, म्हणून कामगिरी माझ्यावर. पेणजवळ जोह्याला आमच्या ओळखीचा गणपतीचा कारखाना होता. तिथल्या सुमनकाकी डोळ्यांची आखणी करायच्या. बिबट्या तिथं पोचवून मी सरांचा निरोप सांगितला, "रागीट हवा. झेप घेणारा."

"व्हय, समजलं," काकी म्हणाल्या.

मी आणायला गेले, तर बिबट्याच्या तोंडावर रुमाल बांधलेला, मूर्ती नेताना बांधतात तसा! मी हात घातला, तर काकींनी चापट मारली. "आता नाय उघडायचं गो. जागेवर गेल्यावर!"

टेम्पो निघाला. वाटेत निडीला चहाला थांबलो, तर दोन बायका येऊन रुमालाला नमस्कार करून गेल्या. रोह्याला बिबट्या उतरवताना ड्रायव्हर सवयीनं ओरडला, "मोरया!" आणि चाचांना म्हणाला, "खाली नका ठेवू, पाट आणा." चाचांनी शेजारून पाट आणला. पाठोपाठ शेजारीणही आली, आणखी चौघींना घेऊन.

मी रुमाल सोडला. अंगावर ठिपके झकास होते. पण डोळे! अर्धे मिटलेले, शांत, मायेनं भरलेले. असं वाटलं, आता हा बिबट्या विचारेल, जेवलीस का?

"आता सर मला मारणार," मी म्हटलं.

"तोंड भिंतीकडे करू या का?" चाचा म्हणाले. पण तोवर शेजारणीनं जास्वंद वाहिली होती, कोणी उदबत्ती लावली होती.

तेवढ्यात सर आले, बरोबर भाऊसाहेब आणि टेप घेतलेला सुतार.

भाऊसाहेब दारातच थांबले. बिबट्या त्यांच्याकडे मायेनं बघत होता. त्यांनी हळूच चपला काढल्या. सुतारानं टेप खिशात घातला. सरांचा चेहरा लालबुंद झालेला! मी डोळेच मिटले.

हात जोडून झाल्यावर भाऊसाहेब सरांच्या कानाशी वाकले. "सर, ह्यांचं विसर्जन कधी असतं?"

सरांनी बिबट्याकडे पाहिलं. मग त्या शिंगाच्या लेबलकडे. मग एकेका कपाटाकडे.

"नसतं, भाऊसाहेब," सर म्हणाले. "हे कायमचे."