न सोसलेला चीक

मूळ पणदरे गावच्या आमच्या सिस्टरनी ग्लोव्हज न घालता कुठल्या बाईला हात लावलेला मी कधी पाहिला नाही. इंदापूरच्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी नवखी नर्स म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बाळंतिणीला ताप आला, तर त्यो आपल्या हातातनं गेला समजायचं."

त्यांचे स्वतःचे हात मात्र कायम सोललेले. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटांवर लाल चट्टे. साबण बाधतो असं समजून त्या खोबरेल चोळत आणि पुन्हा ग्लोव्हज चढवत. पुढे दम लागायला लागला, तेव्हा बारामतीच्या डॉक्टरांना दाखवलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "रबराच्या झाडाचा चीक असतोय म्हणं ह्या पांढऱ्या ग्लोव्हजात. माझ्या अंगाला त्यो सोसत न्हाय. आता जपाय सांगितलंय, न्हायतर जीवावर बेतंल."

मग त्यांच्यापुरते निळे ग्लोव्हज येऊ लागले, खनिज तेलापासून केलेल्या कृत्रिम रबराचे. हात बरे झाले. गरम पाण्याची रबरी पिशवीसुद्धा त्या मला उचलायला लावत. बारशाला फुगे टांगलेले दिसले, की दारातूनच बाळ बघून माघारी फिरत.

गेल्या हंगामात एका दुपारी शेळगावच्या फडातून ऊसतोडणीची बाई आली. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. आमचे डॉक्टर बारामतीला गेलेले. मी प्रयत्न करून पाहिला, जमेना. बाळ काळंनिळं पडत चाललं. निळ्या ग्लोव्हजचा खोका आदल्या दिवशीच संपला होता. सिस्टरनी पांढऱ्यांना हात घातला. नुसत्या हातांनी करा, असं मी म्हणाले.

"बाईला बाधंल," त्या म्हणाल्या. "माझं मागनं बघू."

मुलगी रडली. नाळ कापून होईपर्यंत सिस्टर उभ्या होत्या. मग भिंतीला टेकून खाली बसल्या. ओठ सुजले होते, श्वास आत जाईना. मी इंजेक्शन दिलं. ग्लोव्हज ओढून निघेनात, कात्रीनं कापले. बारामती गाठायच्या आतच त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई विचारू लागली, "सिस्टर कुठं हाईत? लेक त्यांच्या मांडीवर द्यायची हाय."

ओल्या बाळंतिणीला काय सांगणार? सिस्टर पणदऱ्याला गेल्यात, एवढंच म्हणाले. ते खोटं नव्हतं. सकाळीच त्यांना तिकडे नेलं होतं.