मंगळवारची पेशी

काटोलहून मला नागपूरला अकरावी सायन्सला धाडलं, ते एका अटीवर. बाबांनी बजावलं होतं की काही भानगड झाली तर शिक्षण बंद, गाशा गुंडाळून घरी यायचं. म्हणून मी होस्टेलवर गरीब गाय होऊन राहत होते. माझ्या स्वभावाला ते मुळीच मानवत नव्हतं.

बायोलॉजीच्या मॅडम पहिल्यांदाच मायक्रोस्कोप हाताळू देणार होत्या, तेव्हा मात्र भान सुटलं. आनंदाच्या भरात घरी पोस्टकार्ड टाकलं, ‘मंगळवारी अकरा वाजता माझी पेशी आहे. कधी एकदा मंगळवार उगवतो असं झालंय.’

आता आमच्या घरी बांधाच्या भांडणाची केस कित्येक वर्षं चालली होती. घरात पेशी म्हणजे एकच, कोर्टातली तारीख. सजीवाचं अंग ज्या बारक्या घरांनी बनतं, त्यांनाही पेशीच म्हणतात, हे बाबांना कोण सांगणार? आणि मी घाईत ‘प्रॅक्टिकल’ लिहायलाच विसरले होते.

मंगळवारी मी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि एक डोळा मिटून वाकले. आधी नुसतं धुरकट. चक्री फिरवली आणि एकाला एक लागून घरंच घरं दिसली, प्रत्येकात एक पिवळसर टिपका! टिपका म्हणजे केंद्रक, पेशीचा सगळा कारभार तोच बघतो, हे मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं. मी तिथल्या तिथे उडीच मारली.

तेवढ्यात दारात बाबा. पहिल्या एसटीनं आले होते, हातात माझं कार्ड, चेहरा पार उतरलेला.

“काय केलं वं तू? कोनं केस टाकली तुह्यावर?”

मुली फिदीफिदी हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी कार्ड मागून वाचलं, हसू दाबलं आणि बाबांना स्टुलावर बसवलं. काडीनं गालाची आतली बाजू हलकेच खरवडायला सांगितली. ते काचेवर घेऊन निळा रंग टाकला आणि फोकस करायला मला बोलावलं.

बाबा बराच वेळ वाकून राहिले. “हे माह्या तोंडातलं होय?”

झालं, मी सुटलेच. पेशी खाते, वाढते, एकीच्या दोन होतात. कांद्याच्या पेशीला भिंत असते, आपल्या पेशीला नुसता पातळ पडदा. अशाच एका पेशीपासून तुम्ही झालात बाबा, मीही झाले. श्वास घ्यायलाही मी थांबले नाही.

बाबा उठले.

“तुले न्यायलेच आलो होतो,” ते म्हणाले. “होस्टेलात सामान बांधायले बी सांगून आलो.”

मग मॅडमकडे वळून त्यांनी विचारलं, हे सगळं नीट शिकायचं तर किती वर्षं लागतात. मॅडम म्हणाल्या, पाच-सहा तरी लागतील.

बाबांनी पुन्हा एकदा डोळा लावून आत पाहिलं.

“लागू द्या,” ते म्हणाले.