नऊ विती, तीन बोटं कमी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथच्या घरी चहा गाळत होतो. "भावजी, आई गेल्या," ती म्हणाली. आई म्हणजे तिच्या सासूबाई, माझी आत्या. आत्याचं वय झालं होतं, अवचित असं म्हणता येणार नाही. पण माझी आत्या मरणालासुद्धा "जरा थांब, हातातलं काम होऊ दे" म्हणून दारात ताटकळत ठेवील, अशी माझी आपली समजूत होती.

माप म्हटलं की तिला टेप लागायची नाही. बारवी धरणाकडच्या आमच्या पाड्यावर वाढलेली. चोळीचं कापड, भिंतीची भेग, गरोदर सुनेचं पोट, सगळं ती वितीनं मोजायची. बदलापूरचं घर बांधलं तेव्हा भिंतींना रोज पाणी मारायला तीच उभी असे. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, न्हाणीघराच्या भिंतीत शॉवरचा पाइप घालून घेतला होता, तोही या ठेंगण्या बायकोच्या उंचीला बेतून, तिनंच मोजलेल्या नऊ वितींवर. पण तेव्हा गच्चीवर टाकी नव्हती. पाइपाच्या तोंडाला प्लग मारला, वरून टाइल बसल्या. टाकी आली की फोडून शॉवर लावू, असं काका म्हणाले होते. टाकी आली, पण तोवर काकाच राहिले नव्हते आणि तो विषय भिंतीतच राहिला.

दोन वर्षांपूर्वी आत्याचा उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. पाणी ओतायला एक हात लागतो, डोकं चोळायला दुसरा. तिच्याकडे एकच उरला होता. मग वहिनी तिला न्हाऊ घालू लागली. वहिनी जिवाला जीव देणारी, कुरकुर कधी नाही. तरी एकदा आत्या मला हळूच म्हणाली, "ती नजर वळवते, मी डोळे मिटते. रोजचं झालंय रे. मला तो शॉवर लावून दे. दाराला आतून कडी घालून न्हायचंय मला."

तिचा मुलगा सुनीलदादा ऐकायला तयार नव्हता. त्या टाइल आता मिळत नाहीत, इतक्या वर्षांचा पाइप सडला असेल, भिंत गळायला लागली तर कोण निस्तरणार... शेवटी एकच टाइल फोडायची, या अटीवर तो कबूल झाला. मी उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारातून शॉवर आणला आणि तिथलाच अशोक प्लंबर घेऊन गेलो. आत्यानं डाव्या हातानं जमिनीपासून विती टाकल्या, टाचा उंचावून नववी वीत भिंतीला लावली आणि म्हणाली, इथे. अशोकनं टाइल फोडली. आत कोरी वीट!

दादा म्हणाला, झालं समाधान? आता लिंपून टाक, आईसाठी बाई ठेवू. अशोक हत्यारं गोळा करायला लागला. मला आत्याकडे बघवेना. ती मात्र स्टुलावर बसून दाराकडे बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "इथे उंबरा होता. ठेच लागायची." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मधे कधीतरी दादानं जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवून घेतली होती, आणि आम्ही शहाणे नव्या फरशीपासून मोजत होतो!

"जमीन वर आलीय," आत्या म्हणाली. "तीन बोटं खाली फोड."

म्हणजे दुसरी टाइल. अशोकनं दादाकडे बघितलं. तेव्हा आत्या जे बोलली ते मी विसरणार नाही. "सुनील, तुझ्या टाइलचं वाईट वाटतंय मला. पण मला रोज नागवी बसवून न्हाऊ घालतात, त्याचं कोणाला वाटतं?"

दादानं अशोकच्या हातातली छिन्नी घेतली आणि स्वतः घाव घातला. चौथ्या घावाला लोखंड वाजलं. गंजलेला प्लग काढायला अर्धा तास लागला, आणि मग टाकीचा कॉक उघडला. आधी लालभडक पाणी, मग चहासारखं, मग नितळ... भिंत कुठेही पाझरली नाही. अशोक भिजलेल्या शर्टानं हसत म्हणाला, "अम्मा, कल से आप मेरे साथ काम पे चलो." आत्या उठली आणि डाव्या हाताचा पसा त्या धारेखाली धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं आतून कडी घातली. आम्ही तिघं बाहेर, बाळंतिणीच्या खोलीबाहेर थांबावं तसे. वहिनीनं दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा आतून "काही नको" एवढंच आलं. बाहेर आली ती केस निथळत, आणि काय तो रुबाब! परवापरवापर्यंत मी त्या शॉवरखाली न्हालो की मला गुडघ्यात वाकावं लागे, याचीही तिला मोठी मौज वाटायची.

गेली त्या सकाळीही ती अशीच न्हाली, खुर्चीत केस वाळवत बसली, वहिनीला चहा टाक म्हणाली आणि चहा यायच्या आत गेली. मी पोचलो तोवर शेजारच्या बायका शेवटच्या अंघोळीसाठी कळशी भरून आल्या होत्या. वहिनी पदरानं डोळे पुसत त्यांना आडवी आली. "आईंचं न्हाणं झालंय," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः केलंय." बायकांनी तिच्याकडे बघितलं, मग आत्याच्या ओल्या केसांकडे बघितलं. रीत म्हणून चार थेंब शिंपडले आणि भरलेली कळशी तशीच बाजूला ठेवून दिली.