शेवंतीच्या दुखण्याचं नाव

धानाच्या रोवण्यातल्या चिखलाचा वास आला की अजूनही माझ्या तोंडात तो शब्द येतो. हि-मो-ग्लो-बि-नो-पॅ-थी. माझ्या लेकीच्या, शेवंतीच्या, रक्तातल्या दुखण्याचं ते नाव. कुरखेड्याच्या नर्सबाईनं तोडून तोडून सांगितलं, अन् मी ते धानाच्या बांधीत पाठ केलं, एकेका तुकड्याला रोपांचा एकेक पऱ्हा चिखलात खोचत. वाटायचं, नाव बरोबर सांगितलं की मोठ्या दवाखान्यात पोरीला लगेच हात लावतील.

चंद्रपूरला सकाळीच डॉक्टरसमोर मी ते न अडखळता म्हटलं. तो हसला, त्यानं शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं.

"बाई, पुन्हा म्हणा बरं. शाळा किती झाली?"

"शाळेत नाई गेली भाऊ. ऐकून ऐकून शिकली."

सगळे खूश. शेवंती बाकावर गुडघे पोटाशी धरून बसलेली. म्हणाली, "माय, नाव काऊन सांगून राह्यली? दुखून राह्यलं म्हणून सांग ना."

डॉक्टरांचं ते हसणं तेव्हा मला कौतुकच वाटलं होतं. तिला खाट मिळाली ती संध्याकाळी, अन् त्या खाटेवरून ती घरी आली नाही.

आजही रोवणाऱ्या बाया म्हणतात, "बाई, तो लांबलचक शब्द म्हणून दाखव ना." मी पुढचा पऱ्हा खोचते.