भरिताचा धूर आणि महिन्याचं इंजेक्शन

माझं डोकं दुखतं हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात जाहीर आहे. कुणाकडेही गेले की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न येतो, ‘‘आज डोकं कसंय?’’ अर्धशिशीवर कुणी काहीही सांगावं आणि मी ते करावं! सुंठ उगाळून लावली. सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी खाल्ली. डोकं जिथल्या तिथे, वजन मात्र वाढलं.

शेवटी धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं. पेनासारखं असतं, आपणच मांडीत घ्यायचं. ‘‘डोकं उठल्यावर घ्यायचं हे औषध नव्हे,’’ त्यांनी बजावलं. ‘‘ते उठूच नये म्हणून आहे. अंगातलं एक प्रथिन अर्धशिशी भडकवतं, ही प्रतिपिंडं त्यालाच धरून ठेवतात. कायमची बरी व्हाल असं म्हणत नाही हं, पण त्रास कमी होईल.’’ मला तेवढंही पुष्कळ होतं. फ्रीजमध्ये कोथिंबिरीच्या डब्याशेजारी ते ठेवलं आणि घरात दम भरला, कुणी बर्फाच्या कप्प्यात सरकवलं तर माझ्याशी गाठ आहे!

हळूहळू फरक पडत गेला आणि माझ्या मनात एकच घोळायला लागलं, यंदाचं भरीत.

माहेर रावेरजवळ. हिवाळ्यात मळ्यात भरिताचा बेत ठरलेला. कपाशीच्या काड्या पेटवून त्यांवर वांगी भाजायची आणि लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर मुसळीनं ठेचायची. त्या धुराचा लोट आला की माझं डोकं उठायचंच. लहानपणापासून हेच. बाहेर सगळे खिदळताहेत आणि मी मळ्यातल्या खोलीत दार लावून कण्हत पडलेय. आई उशाशी बसून कपाळ दाबायची. यंदा मला बाहेर बसायचं होतं, सगळ्यांबरोबर जेवायचं होतं. बस्स!

पोचल्या पोचल्या भावानं डिवचलं, ‘‘ताई, तुझी खोली झाडून ठेवलीय बरं का.’’

‘‘तूच जाऊन झोप तिथं,’’ मी म्हणाले.

काड्या पेटल्या. धूर वाऱ्याबरोबर सरळ माझ्या तोंडावर. माझं दुखणं उजव्या भुवईपासून सुरू व्हायचं, म्हणून तिथे बोट ठेवून बसले. डोळ्यांतून पाणी आलं, मिरचीचा ठसका लागला, खोकून खोकून जीव अर्धा झाला. डोकं काही उठेना! मग मी वहिनीच्या हातातली मुसळी ओढून घेतली आणि असं ठेचायला लागले की भाऊ ओरडला, ‘‘अगं, भरीत आहे ते, पीठ करू नकोस त्याचं!’’

आई पलीकडे चुलीवर पुऱ्या तळत होती. पंगत बसली तरी ती दिसेना, म्हणून शोधत खोलीपाशी गेले. आत ती रिकाम्या खाटेजवळ उभी होती, हातात पिळलेला ओला पंचा. वांगी भाजून झाली की माझ्याकडे यायचं ही तिची सवय, पाय आपोआप वळले असावेत. मला पाहून ती दचकली.

‘‘कुठी होती वं? दुखत नाही का तुले?’’

‘‘नाही दुखत. चल जेवायला.’’

हाताला धरून तिला पंगतीत बसवलं. तिनं पुरीचा तुकडा भरितात बुडवून तोंडात घातला, फू फू केलं आणि सावकाश चावत राहिली. ‘‘मीठ कमी झालंय का?’’ मी विचारलं.

‘‘मीठ बरोबर हाये,’’ ती म्हणाली. ‘‘सगळे म्हणतात, भरीत गरम खावं. मले काय माहीत, ते आसं लागते.’’

खरंच की! दर वर्षी मला झोप लागेपर्यंत ती उशाशी बसायची आणि मग उठून गार झालेलं खायची.

‘‘बोलत काय बसलीस?’’ मी डाफरले आणि तिच्या पानात वाफाळतं भरीत आणखी वाढलं. ‘‘खा आधी. गार होईल.’’