भाचीच्या भट्टीचा ताव

वर्ध्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि खांद्याला एक जुनी कातडी पेटी. पेटीत तापमान मोजायची बंदूक होती. नाशिकच्या एका कारखान्यात मी बत्तीस वर्षं भट्ट्यांचं तापमान घेण्याचं काम केलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, आणि या दोन वर्षांत कुणीही मला कशाचंही तापमान विचारलं नव्हतं. म्हणून गौरीचा फोन आला तेव्हा मी तिकीट आधी काढलं आणि बायकोला नंतर सांगितलं.

गौरी ही माझ्या धाकट्या बहिणीची, वसुधाची, मुलगी. पुण्याच्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात चार वर्षं काढून ती यंदा घाटंजीजवळच्या आपल्या गावी परत आली. त्यांच्या शेतात, अगदी रस्त्याला लागून, पत्र्याची एक शेड आहे. तिथं पिझ्झाचं छोटं दुकान टाकायचं तिनं ठरवलं आणि शेडसमोर मातीची भट्टीही बांधून घेतली. इथवर ठीक होतं.

"मामा, खालून करपते अन् वरून कच्चाच राह्यते," ती फोनवर म्हणाली. "दहा येळा करून पाह्यलं. हॉटेलात बटण फिरवलं की झालं. इथं बटणच नाही. ताव किती पाहिजे तेच समजत नाही."

"मग सवडीनं शोधू. घाई काय आहे?"

"घाई आहे न! रविवारी बाबांनी पंचवीस माणसं जेवायला बोलावली. लोकांनी पोटभर खाल्लं तर शेड माझी. नाही त शेडात कापूस भरणार."

कापसाची वेचणी सुरू झाली होती. दिलीपरावांचं, म्हणजे माझ्या मेव्हण्याचं, म्हणणं तसं रास्त होतं.

वर्ध्याहून यवतमाळची बस धरली. वाटेत कळंबला बस बदलायची असं ठरवून उतरलो, कारण चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय पुढं गेलो असतो तर वसुधानं दारातच विचारलं असतं. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरत गेलं की वरचं ऊन आणि हॉर्न दोन्ही मागं राहतात. हार विकणाऱ्या बाईंनी माझ्या पेटीकडं बोट दाखवून विचारलं, "बाजा हाय का जी त्याच्यात?" बाजा म्हणजे पेटी, वाजवायची. मी बंदूक म्हणणार होतो, पण देवळाच्या दारात तो शब्द नको वाटला. "थर्मामीटर आहे," म्हणालो. "मंग डाक्टर हाय तुमी," त्या म्हणाल्या आणि हातात एक फूल जास्तीचं ठेवलं.

यवतमाळला स्टँडसमोर तर्रीपोहे खाल्ले. पोह्यांवर लालभडक रस्सा ओतून देतात. नाशिककरानं पहिला घास जपून घ्यावा. मग गौरीनं सांगितलेल्या दुकानातून चीज घेतलं. दुकानदारानं ते बर्फ घालून थर्माकोलच्या डब्यात भरून दिलं. घाटंजीच्या बसमध्ये तो डबा गळायला लागला आणि कंडक्टरच्या बुटापर्यंत ओघळ गेला.

"काका, मासोळी हाय का त्याच्यात?"

"नाही हो, चीज आहे."

"अहो, पण कोणती चीज?"

"चीजच आहे."

"तेच त विचारून राह्यलो, कोणती चीज?"

मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलींनी हसत हसत त्याला समजावलं. मग त्यानं डब्याखाली स्वतःचं वर्तमानपत्र सरकवून दिलं. बाहेर दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. कमरेला कापडाची ओटी बांधून बाया ओळीनं वेचत होत्या. लांबच्या टेकड्यांवर सागाचं रान दिसत होतं.

वसुधानं भरीत, ज्वारीची भाकरी आणि ठेचा करून ठेवला होता. दिलीपराव कमी बोलतात. त्यांनी माझं पाणी, माझी आंघोळ, माझी झोप यांची चौकशी केली, पण भट्टीचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

शुक्रवारी सकाळी भट्टी पाहिली. विटांची बैठक आणि त्यावर मातीचा घुमट. छातीइतक्या उंचीवर तोंड. ती बांधणाऱ्या सोनीबाई जवळच्याच तांड्यावर (बंजारा वस्तीवर) राहतात. त्यांचे वाडवडील बैलांवरून मालाची ने-आण करत. आता त्यांचीही शेती आहे, आणि चुली घालण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नाही. त्याही आल्या होत्या; पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला सडेतोड. पिझ्झाला त्या बाटी म्हणत. त्यांच्या गोर बोलीत बाटी म्हणजे भाकरी.

बाभळीची लाकडं दोन तास जाळून निखारे कडेला सारले. मी पेटी उघडली, बंदूक काढली आणि सराईतपणे भट्टीच्या तळावर रोखली. चारशे तीस.

"फार आहे," मी म्हणालो. "घरच्या ओव्हनमध्ये अडीचशे ठेवतात. थांबा."

थांबलो. तेवढ्यात बंदूक पाहून शेजारचे एक आजोबा कुंपणापाशी आले आणि कपाळ पुढं करून म्हणाले, "माहा ताप पाहून घ्या जी जरासा." त्यांच्या मागं आणखी दोघे आले. सगळे ठणठणीत निघाले. दीड तासानं तळ अडीचशेला आला. तोवर घुमटही कोमट झाला होता, पण त्याकडं माझं लक्ष नव्हतं. गौरीनं पिझ्झा सारला. बारा मिनिटं झाली तरी चीज नुसतं घामेजलं. बाहेर काढला तेव्हा त्याला रंग नव्हता. सोनीबाईंनी तुकडा मोडला तर कट्ट असा आवाज आला.

दिलीपराव बैलांना पाणी पाजून परत येत होते. त्यांनी तो हातात घेऊन वाजवून पाहिला. "दादा, हे छपरावर टाकाले चांगलं हाय," एवढंच म्हणून ते गेले.

गौरी हसली नाही. ती पीठ झाकून शेडच्या पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसलो तेव्हा म्हणाली, "मामा, हॉटेलात मी चांगली होते हो. खरंच चांगली होते. इथं सगळ्यांना वाटते की मी तिथून पळून आली."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उठून पुन्हा लाकडं रचायला घेतली. दुपारी तळ चारशेवर असतानाच पिझ्झा टाकून पाहिला. मिनिटभरात खालून कोळसा, वरचा टोमॅटो मात्र जसाच्या तसा. वैतागून मी बंदूक हलवली आणि तिचा ठिपका चुकून घुमटाच्या आतल्या बाजूवर पडला. दोनशे चाळीस.

मी तिथंच खाली बसलो. कारखान्यात आम्ही एका जागेच्या आकड्यावर कधी सही करत नसू. चारही कोपरे घ्यायचे, छत घ्यायचं. नव्या पोरांना हे मीच शिकवलं होतं. आणि इथं सकाळपासून मी फक्त तळाकडं पाहत होतो.

"गौरी, तुझ्या भट्टीला दोन तापमानं आहेत," मी म्हणालो. "तळ तापलाय, छत थंड आहे. उलटं पाहिजे. तळ थोडा कमी आणि छत जास्त."

"ते कसं करायचं?"

कारखान्यात छताला वेगळे बर्नर असत. उत्तर सोनीबाईंनी दिलं. त्या मघापासून घुमटाच्या आत डोकावत होत्या.

"कोयशाचा ताव खाली बसते, भाऊ. वरतं जाळ पायजे. तुराट्या टाका न." तुराट्या म्हणजे तुरीची वाळलेली झाडं. "अन् हे पाहा, आतून अजून काळं हाय. चांगली तापली का काजळी जळून जाते, माती पांढरी पडते. तुमी काळ्यातच भाजून राह्यले."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी बंदूक घेऊन आले. म्या म्हटलं, साहेबायले मालूम असन."

शनिवार आम्ही तिघांनी भट्टीसमोर काढला. बाभूळ तीन तास जाळली. घुमट आतून आधी काळाकुट्ट झाला, मग वरच्या टोकापासून उजळत उजळत खाली पांढरा पडत गेला. ते पाहताना गौरीनं माझा दंड धरून ठेवला होता. मग निखारे एका कडेला सारले, ओलं पोतं काठीला बांधून तळ पुसला आणि थांबलो. चारशे वीस. तीनशे नव्वद. तीनशे साठला टाकलेला पिझ्झा खालून डागाळला. तीनशेला टाकलेला पांढुरका राहिला. मग तळ पुन्हा तापवून मधल्या तीनशे चाळीसला गौरीनं तिसरा आत सारला आणि सोनीबाईंनी निखाऱ्यांवर मूठभर तुराट्या टाकल्या. जाळ उठला, घुमटाला चाटून पलीकडं वळला. छत चारशे तीस. पिठाच्या कडा फुगल्या, चीज उकळलं, त्यावर तांबूस ठिपके आले. अर्ध्यात एकदा फिरवून घेतला. तीन मिनिटांत बाहेर.

जीभ भाजली तरी आम्ही तिघं खात राहिलो. "आछी छ," सोनीबाई म्हणाल्या. चांगली आहे. दुसरा तुकडा त्यांनी पदरात बांधून घरी नेला.

रविवारी अकरापासून माणसं जमू लागली. भाऊबंद, शेजारी, तांड्यावरचे चारपाच जण. वसुधानं भीतीपोटी मागं एक पातेलंभर भात आणि वरण करून ठेवलं होतं. ते तिनं मला एकट्याला सांगितलं. पहिलाच पिझ्झा आत सारायच्या लाकडी पाटाला चिकटला, दुमडला आणि निखाऱ्यांत पडला. धूर झाला, दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गौरीचा चेहरा उतरला. पण ती थांबली नाही. पाटावर तिनं ज्वारीचं पीठ भुरभुरवलं, दुसरा पिझ्झा त्यावर ठेवून हलवून पाहिला. तो सरकला. तीन मिनिटांनी तो बाहेर आला आणि आठ तुकडे होऊन नाहीसा झाला.

मग मात्र गर्दी झाली. गौरी लाटतेय, सोनीबाई टोमॅटो, कांदा, शिमला मिरची पसरतायत, मी तापमान सांगतोय. तुराट्या टाकायला हात कमी पडला तेव्हा कडेला उभे असलेले दिलीपराव पुढं आले. पहिली मूठ त्यांनी फार मोठी टाकली, जाळ तोंडातून बाहेर आला.

"बाबा, थोड्या!" गौरी ओरडली.

"बरं बरं."

चौथ्या पिझ्झापर्यंत त्यांना अंदाज आला. सहाव्याला त्यांनी माझ्या हातातून बंदूक काढून घेतली. "तीनशे दहा! गौरे, थांब, टाकू नको. निखारे मधात घेतो." ते स्वतःच निखारे पसरायचे, पुन्हा सारायचे, पुसायचे. डोक्याला उपरणं, डोळे धुरानं लाल. कुणी घाई केली की, "ताव येऊ द्या न जी, कच्चं खासान का?" असं त्यालाच सुनवायचे. शेजारच्या आजोबांनी चार तुकडे खाऊन आणखी मागितले. वसुधाच्या वरणभाताला कुणी हात लावला नाही.

अडीच वाजता पाहुणे पांगले तेव्हा लक्षात आलं की दिलीपरावांनी काही खाल्लेलंच नाही. पिठाचा शेवटचा गोळा उरला होता. गौरीनं तो त्यांच्यासाठी लाटला. त्यांनी भट्टीपाशी उभ्यानंच खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहत होतो.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

गौरी माझ्याकडं वळली. "म्हणजे काय समजायचं, मामा?"

सोमवारी सकाळी वसुधाच्या ओरडण्यानं जाग आली. बाहेर येऊन पाहतो तर दिलीपराव आणि दोन गडी बैठकीच्या खोलीत कापूस आणून ओतत होते. सोफा भिंतीला टेकवून उभा केला होता. टीव्ही कापसात निम्मा बुडाला होता.

"अहो, बैठकीत कापूस? पाहुणे कोठी बसतीन?"

"मंग कोठी टाकू?" दिलीपराव पोत्यातून डोकं वर न काढता म्हणाले. "शेडात पोरीचं दुकान हाय."

गौरी दारात पिठाचे हात घेऊन उभी होती. ती आत गेली आणि वडिलांचं पोतं दुसऱ्या बाजूनं धरलं.

त्या दुपारी मी निघालो. वर्ध्याला गाडी मिळाली, खिडकी मिळाली. धामणगाव, बडनेरा मागं पडलं. वसुधानं बांधून दिलेली भाकरी उघडली, पण खाणं होईना. माझा मुलगा तीन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून मिरजेला गेला. तिथं तो तंबोरे बनवायला शिकतो. मी त्याला कधी नाही म्हणालो नव्हतो. नाही म्हणालो नाही, यातच मी आजवर समाधान मानत होतो. पण तो काम करतो ती जागा मी एकदाही पाहिलेली नाही. बैठकीतला तो कापूस पाहिल्यापासून हे मला टोचत होतं.

अकोल्याच्या पुढं रेंज आली तशी त्याला फोन लावला.

"काय झालं बाबा? सगळं बरं आहे ना?"

"बरं आहे. मी पुढच्या आठवड्यात मिरजेला येतोय. तुझं काम बघायला."

पलीकडं ठोकाठोक ऐकू येत होती. ती थांबली.

"किती दिवस राहाल?" त्यानं विचारलं.

"तू ठेवशील तितके," मी म्हणालो.