दुतोंडी वाट

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये, जपानी माहजाँग या टाइल्सच्या खेळाचं वेड लागलेले मराठी आम्ही दोघंच, मी आणि मोरेश्वर देवस्थळी. दर शनिवारी दुपारी एका गेम-शॉपमध्ये आमचा डाव पडायचा. या खेळात हात जुळत आला की शेवटी एकच टाइल कमी असते, आणि ती यायची वाट बघत बसावं लागतं. बऱ्याचदा ती दुसऱ्याने टाकलेलीच मिळते.

या वाटांना मोरेश्वरने मराठी नावं ठेवली होती. हातात चार आणि पाच आकड्यांच्या टाइल असतील तर सलग तीन आकडे पुरे करायला तीनही चालतो, सहाही चालतो, ती दुतोंडी. चार-सहा असतील तर मधला पाचच हवा, ती फटीतली. एक-दोनला फक्त तीन, ती कडेची. आणि नुसती जोडी व्हायची राहिली असेल तर ती बिचारी एकांडी. फटीतल्या वाटेवर बसणं या गृहस्थाला कमीपणाचं वाटे. तयार झालेला हात तो खुशाल मोडायचा आणि दुतोंडी होईपर्यंत दम धरायचा. मी चिडून म्हणायचो, मिळेल त्यावर जिंक की बाबा. तो हसायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचाही. तिथेच त्याचा घात झाला.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. बायको, सुवर्णा, स्वतःचं द्यायला तयार होती, पण तिला मधुमेह, म्हणून डॉक्टरांनी नकार दिला. मग डायलिसिस सुरू झालं आणि नाव प्रत्यारोपणाच्या यादीत गेलं. पहिला फोन त्या मानाने लवकर आला. दाता साठी उलटलेला होता. मूत्रपिंड चालेल, पण किती वर्षं ते सांगता येत नाही, निर्णय तुमचा, असं हॉस्पिटलवाले म्हणाले. सुवर्णा हो म्हणत होती. याने नाही सांगितलं. वर तिला म्हणाला, फटीत कोण बसतं? तिने मला फोन करून या वाक्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. तिने फोन ठेवून दिला. मला त्या दिवशी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

नंतर फोन येईनाच. मोरेश्वर वाळत गेला. खेळायला येणं बंद झालं. आंघोळीला जाताना फोन सुवर्णाच्या हातात द्यायचा, आणि बाहेर आल्यावर तिच्या तोंडाकडे बघायचा. आता कुठलंही चालेल, म्हाताऱ्याचंही चालेल, असं तो डायलिसिसच्या नर्सलाही सांगू लागला. तिच्या हातात काय होतं?

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी फोन आला. मूत्रपिंड होतं, पण याचा नंबर दुसरा. पहिल्या पेशंटचं काही बिनसलं तरच याला मिळणार. तरीही तयार होऊन येऊन बसा, म्हणाले. बर्फातून मीच ड्राइव्ह केलं. तिथे त्याला गाउन घातला, रक्त घेतलं. मग आम्ही तिघं बसून राहिलो. मोरेश्वर डोळे मिटून पुटपुटत होता. सुवर्णाला वाटलं स्तोत्र म्हणतोय. तिने हात जोडले.

"तू नको जोडूस हात," तो म्हणाला. "मी काय मागतोय माहितीये? त्या पहिल्याला ताप येऊ दे."

सुवर्णाने जोडलेले हात हळूच मांडीवर ठेवले. मला वाटलं, आता ही उठून जाईल. पण तिने खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि डोळे मिटले.

दुपारी नर्स आली. पहिल्या पेशंटला ऑपरेशनला घेतलं होतं, सगळं ठीक होतं, आम्ही घरी जायला हरकत नव्हती. मोरेश्वरने तिला थँक्यू म्हटलं. स्वतःचे कपडे घालताना शर्टाचं बटण त्याला लागेना, ते सुवर्णाने लावलं. लिफ्टची वाट बघत उभे असताना तो माझ्याकडे वळला.

"आता तो बरा होऊ दे, असं म्हणायला हवं ना?" त्याने विचारलं. "म्हणवत नाही, यार."